वाचताना मूल शब्दापाशी अडलं, तर आधी काय विचारायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा गोव्यात फोंड्याजवळच्या मराठी प्राथमिक शाळेत चौथीत आहे, घरी सगळे कोकणी बोलतात. धडा भराभर वाचतो, पण नवा शब्द आला की एकतर आईच्या तोंडाकडे बघतो, नाहीतर पहिलं अक्षर बघून दुसराच कुठला तरी शब्द म्हणून पुढे जातो. आई अर्थ सांगते आणि आठवड्याने तोच शब्द पुन्हा अडतो. अशा वेळी ‘अंदाज कर’ म्हणावं की अर्थ सांगून मोकळं व्हावं, आणि घरातल्या कोकणीमुळे मुलाचं मराठी कच्चं राहतंय का, असं त्या आईने विचारलं आहे.

मी सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांत ३१ वर्षं शिकवलं. त्यातली बरीच वर्षं पहिली ते चौथीची मुलं एकाच खोलीत समोर बसलेली असायची आणि जवळजवळ सगळ्यांच्या घरी कोकणीच. त्या अनुभवावरून सांगते.

ताई, कोकणीचं आधी सांगते, कारण तुमच्या जिवाला खरा घोर त्याचाच लागलेला दिसतो. घरी कोकणी बोलणं बंद करू नका. मुलाशी मोडकंतोडकं मराठी बोलायला लागलात तर त्याच्या कानावर पडणारी भाषा पातळ होईल, आणि वाचताना मूल शेवटी याच कानाच्या भरवशावर असतं. कोकणी कुठे मदतीला येते आणि कुठे फसवते, ते पुढे ओघात येईलच.

आता अडलेल्या शब्दाकडे वळू. शब्द दोन तऱ्हांनी अनोळखी असतो. कधी तो फक्त डोळ्याला अनोळखी असतो, कधी कानालाही. आपण मोठी माणसं दोन्ही वेळा एकच औषध देतो, अर्थ सांगतो. तिथेच चुकतं.

‘दुर्वा’ हा शब्द घ्या. चतुर्थीला आमच्याकडचं कुठलंही पोर सकाळी उठून दुर्वा खुडून आणतं. पण दुसरीतल्या एका मुलाने पुस्तकात तो ‘दुवरा’ वाचला आणि थांबला. त्याला दुर्वांचा अर्थ सांगायची काय गरज होती? डोक्यावरचा रफार कुठल्या अक्षराच्या आधी म्हणायचा, एवढंच त्याला कळत नव्हतं. ‘दुर्-वा’ असं नीट म्हणून घेतल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला. याउलट ‘जलाशय’ हा शब्द चौथीतलं मूल एकही अक्षर न चुकता वाचतं आणि तरी कोरं राहतं, कारण हा शब्द त्याच्या कानावर कधी पडलेलाच नाही.

हे ओळखायची युक्ती सोपी आहे. मूल अडलं की तुम्ही तो शब्द स्वच्छ उच्चारात, अर्थ न सांगता, एकदा म्हणा. चेहरा उजळला तर अडचण डोळ्याची. कोराच राहिला तर कानाची. आठवडाभर हे करा आणि एका कागदावर शब्द दोन रांगांत लिहीत जा. कुठली रांग लांब होते ते बघूनच पुढचं ठरवायचं.

डोळ्याची अडचण असेल तर तिथे अंदाजाला जागाच देऊ नका. ‘पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाच, मधलं गाळू नको’ एवढंच म्हणा आणि गप्प राहा. मनात दहापर्यंत मोजा. गप्प राहणं फार जड जातं, मला माहीत आहे. पण त्या दहा अंकांत बरीच मुलं आपली आपण शब्दापर्यंत पोचतात.

आपली लिपी इंग्रजीपेक्षा उच्चाराला कितीतरी जवळ आहे, त्यामुळे अक्षरं नीट वाचली की शब्द बहुधा हाती लागतो. ‘चारा’तला च आणि ‘चित्रा’तला च वेगळा हे पुस्तक सांगत नाही, पण ते दोन्ही आवाज कोकणीतही आहेत, कान ते सांभाळून घेतो. खरे अडथळे मोजके आहेत: रफार, ‘द्य’ आणि ‘ध्य’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘श्र’ आणि ‘स्त्र’. आणि गोव्यातल्या मुलांपुरता एक खास, ‘र्य’ आणि ‘ऱ्य’. माझ्या वर्गात ‘डोंगरदऱ्यांतून’ हा शब्द आला तेव्हा अर्ध्या वर्गाने ‘डोंगर आनी दर्या’ असा अर्थ सांगितला. आमच्याकडे वर डोंगर आणि खाली दर्या हे इतकं खरं आहे, की कुणाला काही खटकलंच नाही. मग मी फळ्यावर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी शेजारी मोठ्या अक्षरांत लिहिले. एकात र डोक्यावर चढलाय, दुसऱ्यात तो आडवा होऊन य ला टेकलाय. पहिला म्हणताना जीभ र वर जोर देते, दुसऱ्यात ती नुसती घसरून जाते. मुलांनी दोन्ही शब्द दहा-बारा वेळा म्हटले, तेव्हा कुठे कानाला फरक लागला. अशा जोड्या करून घेण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

चित्र बघून शब्द ओळखण्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मी स्वतः ते बरीच वर्षं शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीला आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं, की मूल अडलं तर त्याला चित्राकडे बघू द्या, पहिलं अक्षर बघू द्या, मग वाक्यात काय बसेल ते म्हणू द्या. मी तेच करत असे. एका मुलीने ‘नौका किनाऱ्याला लागली’ हे वाक्य ‘होडी किनाऱ्याला लागली’ असं वाचलं. चित्रात होडीच होती. अर्थ बरोबर आला म्हणून मी तिला शाबासकी दिली. ती चौथीत गेली, पुस्तकातली चित्रं कमी झाली आणि ती पानोपानी अडायला लागली. ‘नौका’ हा शब्द तिने कधी वाचलाच नव्हता. मी तिला वाचायला शिकवलं असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात चित्र ओळखायला शिकवलं होतं. त्या मुलीचं ते वर्ष माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

वाचन म्हणजे अंदाज बांधत जाणं, हा विचार अमेरिकेत केनेथ गुडमन यांनी १९६७ मध्ये मांडला आणि तो दूरदूरच्या वर्गांपर्यंत पोचला. पुढे १९८० मध्ये कीथ स्टॅनोविच यांनी तोवर झालेले प्रयोग एकत्र मांडून दाखवलं, की शब्द ओळखण्यासाठी आजूबाजूच्या मजकुरावर जास्त टेकतात ती कच्ची वाचणारी मुलं. चांगलं वाचणारं मूल शब्दच झटकन ओळखतं, त्याला टेकू लागत नाही. हे वाचलं तेव्हा मला ती नौका आठवली. म्हणून माझा क्रम आता ठरलेला आहे: आधी अक्षरं, मग कान, मग शब्दाची फोड, आणि अंदाज सगळ्यात शेवटी, तोही अर्थाचा. उच्चाराचा अंदाज कधीच नाही.

शब्द नीट वाचून झाला आणि तरी कळला नाही, तर पहिला प्रश्न विचारा, ‘असा शब्द आपल्या कोकणीत आहे का?’ इथे तुमच्या मुलाकडे जे आहे ते पुण्याच्या मुलाकडे नाही. ‘गंगोदक’ शब्दापाशी तिकडचं मूल अडेल. तुमचा मुलगा घरी रोज पाण्याला ‘उदक’च म्हणतो, त्याला गंगा आणि उदक वेगळं करून दाखवलं की पुरे. ‘रांधलेलं अन्न’ वाचताना त्याला ‘रांदप’ आठवेल. ‘ऊन ऊन भात’ म्हणजे काय ते ‘हून उदक’ म्हणणाऱ्याला सांगावं लागत नाही. मुलाने असा दुवा शोधला की त्याला मनापासून शाबासकी द्या. वर्गात कोकणी शब्द तोंडातून निघाला म्हणून ओरडा खाल्लेली मुलं मी पाहिली आहेत. ती पुढे शोधायचंच सोडून देतात.

पण कोकणी कधी फसवतेही. तिसरीच्या वर्गात एक वाक्य आलं, ‘उत्तरेकडून शीत वारे वाहू लागतात.’ एका मुलीने हात वर केला आणि गोंधळून विचारलं, ‘टीचर, शिताचें वारें?’ बरोबरच आहे तिचं. घरी शीत म्हणजे पानात वाढलेला भात. मी तिला म्हटलं, ‘तुझं शीत खरंच आहे, पण ते इथे बसतं का बघ.’ तिने वाक्य पुन्हा वाचलं, पुढचं वाचलं, त्यात लोकर आणि शेकोटी होती. ‘थंड?’ म्हणाली. मग आम्ही फळ्यावर त्या शब्दाचं गणगोत जमवलं: शीतल, शीतपेय, शीतगृह. पुढच्या वर्षी भूगोलात ‘समशीतोष्ण’ आला तेव्हा त्याच मुलीने तो सम, शीत आणि उष्ण असा फोडून दाखवला. म्हणजे कोकणीतून आलेला अर्थ वाक्यात बसवून बघायची सवय लावायची. कोकणी टाळायची नाही.

यानंतर येते शब्दाची फोड, आणि मराठीत ती मागून सुरू करावी लागते. आपले शब्द शेवटाला प्रत्यय घेऊन लांब होतात आणि लांब होताना मूळ रूपही बदलतं. पाणी असतं, त्याचं ‘पाण्यावाचून’ होतं. विहीर असते, तिचं ‘विहिरीतल्या’ होतं. मुलाला वाटतं हा सगळा एकच नवा अवाढव्य शब्द आहे. मी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची बोटभर पट्टी करून देत असे. पट्टीने शब्दाचा शेवट झाकायचा, उरलेलं वाचायचं, ओळखीचं वाटलं नाही तर पट्टी आणखी आत सरकवायची.

एकदा वाक्य होतं, ‘ओढ्याकाठच्या चिखलात बगळा एका पायावर उभा होता.’ चौथीतला मुलगा ‘ओढ्याकाठच्या’पाशी थांबला. वाचला बरोबर, पण कळला नाही. पट्टीने ‘च्या’ झाकलं. उरलं ‘ओढ्याकाठ’. ‘काठ’ त्याला माहीत होता, तोही झाकला. उरलं ‘ओढ्या’. मी विचारलं, ‘घोड्याला म्हणतो तेव्हा मूळ कोण?’ ‘घोडा.’ ‘मग इथे?’ ‘ओढा.’ दोरी ओढायची तसलं काहीतरी असेल, असं तो म्हणाला, आणि स्वतःच मान हलवली, कारण दोरी ओढण्याला काठ कुठून येणार? काठ, चिखल, बगळा हे सगळं जमवून तो म्हणाला, ‘तळें.’ मी हो-नाही काही म्हटलं नाही, पुढचं वाक्य वाचायला लावलं. ‘पाण्याबरोबर वाहत आलेली पानं त्याच्या पायाला अडकत होती.’ तो थांबला. ‘व्हांवता? मग तळें न्हय. न्हंय?’ म्हणजे, वाहतं? मग तळं नव्हे. नदी? मी म्हटलं, ‘नदीपेक्षा लहान.’ ‘व्हाळ!’ त्याच्या घरामागून व्हाळच वाहत होता.

यात काय काय झालं ते बघा. अक्षरं आधी वाचून झाली होती. शब्द सोलून मूळ रूप काढलं. पहिला अंदाज चुकला, तो पुढच्या वाक्याने चुकला हे त्याचं त्यालाच कळलं. आणि शेवटचा एक धक्का मी दिला, कारण त्या मजकुरातून नदी की ओढा हे कळणं शक्यच नव्हतं. वाक्य मुलाला अर्थाच्या जवळपास नेऊन सोडतं, दारापर्यंत नेईलच असं नाही. ‘संदर्भावरून ओळख’ म्हणून मुलाला एकटं सोडून देणं म्हणूनच मला मान्य नाही. आणि मूल पहिल्या अंदाजावर थांबतं, हा तर फारच मोठा धोका. ‘तळें’ म्हणून तो पुढे गेला असता तर सगळा धडा तळ्यातच वाचला असता.

सोलताना अक्षरांकडे बारीक नजर हवी. ‘माशांना’ म्हणजे मासे, ‘माश्यांना’ म्हणजे माश्या. मासा-माशाला, पण माशी-माश्या. एक अर्धा श काय तो फरक. आणखी एक गोष्ट फक्त आपल्याकडच्या मुलांना भोवते. आजच्या मराठीत ‘घरात’ म्हणजे एका घरात आणि ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. कोकणीत मात्र एकाच घरासाठी ‘घरांत’ लिहितात. लिपी तीच असल्यामुळे दोन्ही वाचणाऱ्या मुलाच्या हे ध्यानात येत नाही. देवळातल्या जुन्या पोथ्यांत आणि १९६२ चे लेखननियम येण्याआधी छापलेल्या मराठी पुस्तकांत तर असे अनुस्वार जागोजागी दिसतात. एकदा समोरासमोर दाखवून द्यावं, मग मुलं स्वतः पकडायला लागतात.

उपसर्ग आणि जोडशब्द यांचं थोडक्यात सांगते. विद्यालय, ग्रंथालय, रुग्णालय, देवालय एकाखाली एक लिहिले की ‘आलय’ म्हणजे काय ते सांगावंच लागत नाही. पण सावध राहा. ‘सु म्हणजे चांगलं’ असं मी शिकवलं आणि दुसऱ्याच दिवशी एकाने सुतार म्हणजे चांगली तार असं मोठ्या विश्वासाने सांगितलं. तेव्हापासून मी दोन अटी घालते: तोडल्यावर उरलेला तुकडा ओळखीचा हवा, आणि निघालेला अर्थ वाक्यात बसायला हवा. काही शब्द तर या अटी पाळूनही फसवतात. अंजुणे धरणाच्या बाजूच्या मुलांना ‘जलाशय’ शिकवताना त्यांनी जल आणि आशय अशी अचूक फोड केली आणि ‘पाण्याचा आशय’ म्हणजे काय म्हणून अडली, कारण आशय त्यांना ठाऊक होता तो उताऱ्याचा. तिथे मी सरळ सांगून टाकलं, की आशय म्हणजे साठून राहायची जागा असाही अर्थ आहे, पुढे विज्ञानात पित्ताशय, मूत्राशय येतील ते याच घरचे. मग दुपारी धरणाच्या बाजूने घरी जाणाऱ्या मुलांना म्हटलं, जलाशय बघून या. उगाच ताणून धरण्यात अर्थ नसतो. गोष्ट रंगात आली असेल, मूल पुढे काय होतं म्हणून उतावीळ असेल, तेव्हाही अर्थ सांगा आणि पुढे जाऊ द्या.

तोच शब्द आठवड्याने पुन्हा अडतो म्हणून तुम्ही हताश झाला आहात. यात मुलाचा दोष नाही. १९९९ मध्ये स्वानबोर्न आणि द ग्लॉपर या संशोधकांनी बरेच प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा सहज वाचता वाचता भेटलेल्या १०० अनोळखी शब्दांपैकी साधारण १५ शब्दच मुलांच्या पदरात पडतात असं दिसलं. शब्द पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वाक्यांत भेटावा लागतो. म्हणून अर्थ दहा वेळा लिहून काढण्याचा गृहपाठ मला कधीच पटला नाही. त्यापेक्षा रात्री जेवताना तो शब्द तुम्ही वापरा. ‘आज व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी चढलं’ असं सहज म्हणा. दोन दिवसांनी त्याला वापरायला लावा.

पुस्तक मुलाच्या आवाक्यातलं आहे का, हेही बघा. पानावर साधारण १०० शब्द असतील आणि त्यातले पाचाहून जास्त त्याला अडत असतील, तर ते पुस्तक तुम्ही त्याला वाचून दाखवा. त्याने सोपं घ्यावं. अडखळत, ठेचकाळत वाचण्यात फोड करायला मूल मनाने शिल्लकच राहत नाही. दिवसाला दोन शब्द नीट सोडवले तरी भरपूर झाले.

आता जत्रांचे दिवस आले की देवस्थानचं पत्रक घरी येईलच. तेच घेऊन बसा. ‘श्रींच्या वार्षिक जत्रोत्सवानिमित्त रात्रौ पालखी मिरवणूक व तदनंतर नाट्यप्रयोग’ असलं काहीतरी त्यात असतं. पट्टीने ‘निमित्त’ झाकायला सांगा, मग ‘जत्रोत्सवा’, मग ‘जत्रोत्सव’, मग जत्रा आणि उत्सव. ‘तदनंतर’मध्ये ‘अनंतर’ त्याला सापडणार नाही, ते तुम्ही सांगा. ‘नाट्यप्रयोग’ त्याला फोडू द्या. नाटक किती वाजता सुरू होणार हे त्याला कळून घ्यायचंच असतं, त्यामुळे तुम्हाला मागे लागावं लागणार नाही. पट्टी मात्र आधीच कापून ठेवा, बोटभर रुंद, आणि एका बाजूला त्याचं नाव त्यालाच लिहू द्या.